सौर प्रकल्पासाठी उपकेंद्राजवळची काळी जमीन की दूरचे माळरान?

मराठवाड्यात किंवा सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात पाच मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन जागा येतात: प्रकल्पाची वीज जिथे जाळ्यात सोडायची त्या ३३/११ केव्ही (३३ हजार व्होल्टचा दाब ११ हजारांवर आणणाऱ्या) उपकेंद्रापासून दीड किलोमीटरवरची सपाट काळी जमीन, आणि सात-आठ किलोमीटर दूर असलेले स्वस्त, मुरमाड माळरान. मेगावॉटला चार ते पाच एकर धरल्यास दोन्हीकडे वीस-पंचवीस एकरांचा सलग तुकडा लागतो.

ऊन कुठे जास्त, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. पण एकाच तालुक्यातल्या दोन जागांमध्ये त्याचा फरक नगण्य असतो. माळरान उत्तरेकडे उतरत असेल तर मात्र पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये म्हणून अंतर वाढवावे लागते आणि तेवढ्याच विजेला अधिक जमीन जाते.

खरा फरक मातीत आणि तारेत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे सांगाड्याचे खांब पुरेसे खोल न नेल्यास ते हळूहळू उचलले जाऊन पॅनेलच्या ओळी वाकड्या होतात; शिवाय भर पावसात दुरुस्तीची गाडी आत नेणे अवघड होते. मुरमाला हा दोष नाही, परंतु हातभर खाली काळा पाषाण लागला तर खांब ठोकता येत नाहीत, प्रत्येक ठिकाणी भोक पाडून काँक्रीट भरावे लागते. माती-परीक्षणाशिवाय दोन्हीपैकी कोणतीही जागा स्वस्त म्हणू नये.

तारेच्या बाबतीत माझा कौल स्पष्टपणे जवळच्या जागेला आहे. प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतच्या लांब वाहिनीसाठी खांब-तारांच्या खर्चाबरोबरच वाटेतल्या शेतकऱ्यांची संमती आणि रस्ता, कालवा, वनक्षेत्र ओलांडण्याच्या परवानग्या येतात. पुढे भर दुपारी ती वाहिनी बंद पडली तर सगळे उत्पादन वाया जाते. धुळे जिल्ह्यातील साक्रीजवळच्या महानिर्मितीच्या (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या) १२५ मेगावॉट प्रकल्पाच्या आकाराला स्वतंत्र उच्चदाब व्यवस्था पेलते, पाच मेगावॉटला नाही. अर्थात, उपकेंद्राच्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता इतर प्रकल्पांनी आधीच व्यापली असेल तर जवळ असण्याचा काही उपयोग नाही.

कागदांत दोन्हीकडे वेगवेगळी अडचण आहे. काळ्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदार असतात. माळरान गायरान किंवा भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) निघू शकते, आणि वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्पांना जमीन भाड्याने घेणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधील हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपयांचे भाडे खडकाळ जमिनीच्या मालकाला आकर्षक वाटते, बारमाही बागायतदाराला तितके नाही. आणि बागायत जमिनीवर पॅनेल टाकू नयेत असेच माझे मत आहे.

म्हणून काळी जमीन कोरडवाहू असेल आणि रोहित्रावर जागा असेल तर तीच घ्यावी; अन्यथा माळरान, पण वाहिनीचा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिल्यावरच. इसार देण्यापूर्वी महावितरणकडून जोडणीची तांत्रिक व्यवहार्यता लेखी घ्यावी.