इंग्लंडातून फोंड्याच्या सरांकडे ऑनलाइन तबला: काही महिने वापरल्यावर

शाळेनंतर मुलांना काय शिकवायचं, या प्रश्नावर इंग्लंडातल्या बऱ्याच गोंयकार घरांनी हा पर्याय धरलाय. चालतो, पण आवाज आणि वेळ आधी नीट लावून घेतली तरच.

व्हिडिओ कॉलची अ‍ॅप्स बोलणं ठेवतात, बाकीचं गाळतात. तबला त्यांच्या लेखी गोंगाट! ‘ना’ या बोलाची आस, म्हणजे मागे राहणारा नाद, मध्येच तुटते, डग्ग्याचा ‘घे’ हा बोल पोचतच नाही आणि सरांना वाटतं मुलाचा हात चुकतोय. झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ दोन्हीकडे चालू करा. फोनच्या स्पीकरवर खर्ज ऐकू येत नाही, म्हणून हेडफोन हवा, तोही वायरचा. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज पातळ होतो. समोरच्या कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, बोटं नाहीत. दुसरा फोन वरून पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, रोखा. त्याचा माइक-स्पीकर बंद, नाहीतर आवाज घुमतो.

सर फोंड्याहून लेहरा (तालाच्या आवर्तनाची फिरती धून) धरतील आणि मूल इंग्लंडात वाजवेल, हे विसरा. आवाज उशिरा पोचतो, सम (तालाची पहिली मात्रा) जुळत नाही. लेहरा मुलाच्याच खोलीत वेगळ्या मोबाइलवर लावायचा. मग सरांना दोन्ही एकत्र ऐकू येतं आणि लय कुठे पळतेय ते कळतं.

इंग्लंडातला दुपारी चारचा वर्ग उन्हाळ्यात गोव्यात साडेआठला पडतो, हिवाळ्यात साडेनऊला. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडातली घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात आदल्या दिवशी मेसेज टाकाच. शनिवारी इंग्लंडातले सकाळचे दहा बरे, तेव्हा गोव्यात दुपार असते. सरांची वामकुक्षी मोडते, पण संध्याकाळची भजनं सुटत नाहीत. चवथ (गणेश चतुर्थी) आणि जत्रांच्या मोसमात वर्ग बुडणारच, तेव्हा फी महिन्याची नको, वर्गामागे ठरवा.

थंडीत हीटरने पुडी सुकते, सूर चढतो, कधी चाटच (पुडीची कडा) फाटते. तबला रेडिएटरपासून लांब, झाकून ठेवा. सूर उतरवायला गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने हलके वर सरकवा, सगळीकडे सारखे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असतात, इंग्लंडातल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर लागते. सुट्टीत गोव्यात येऊन परीक्षा द्यायची तर तारखा जुळत नाहीत, म्हणून परीक्षेसाठी हा मार्ग अडचणीचाच.

आठ वर्षांखालच्या मुलाला शेजारी मोठं माणूस लागतं. आणि आरतीसाठी घुमट (गोव्याचं मातीच्या घड्याचं वाद्य) इंग्लंडात न्यायचं असेल तर बकऱ्याच्या कातड्याचंच घ्या. घोरपडीचं कातडं 1972च्या वन्यजीव कायद्यात अडकतं.