ट्रायब्युटिरिन आगर बेस, 500 ग्रॅम: पावडर झकास, लेबल फसवं

एमएस्सी मायक्रोच्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी जिवाणू वाढवायच्या आगरच्या पावडरीचा हा डबा मागवला. लायपेज (तेल-चरबी फोडणारं विकर) तयार करणारे जिवाणू शोधायचे होते. नमुना घेतला लाकडी घाण्याखालच्या मातीचा. घाणेवाले काका म्हणाले, "मॅडम, माती काय नेताय, पेंड न्या." पण वर्षानुवर्षं तेल मुरलेली ती काळी, चिकट मातीच आम्हाला हवी होती.

आधी तक्रार. डब्यावर ठळक अक्षरांत 'ट्रायब्युटिरिन' (जिवाणूंना फोडायला द्यायचं तेल), आणि आत ट्रायब्युटिरिनच नाही! पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, आगर, बस्स. लिटरला 10 मिली ट्रायब्युटिरिन आपण घालायचं, हे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. बाटली वेगळी मागवण्यात आठवडा गेला.

पावडरीला मात्र नाव ठेवायला जागा नाही. लिटरला 23 ग्रॅम, गुठळी एक नाही. एका डब्यात हजारभर प्लेटा सहज होतात. खरी कसरत तेल मिसळण्याची. पहिल्या खेपेला नुसतं हलवून ओतलं, तर मिसळीच्या तर्रीसारखे थेंब वर. मग घरून मिक्सरचं चटणीचं भांडं आणलं (ते आता घरी परत जाणार नाही). थोडं पाणी, चिमूटभर गम अरेबिक आणि ट्रायब्युटिरिन त्यात फिरवून घेतलं, मग आगरमध्ये घालून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक). प्लेटा ताकासारख्या पांढऱ्या, एकसारख्या.

30 अंशांवर 48 तास ठेवल्या. इन्क्युबेटर उघडला तर खवट लोण्याचा भपकारा. लॅबच्या मामांनी विचारलं, "कुणाचा डबा राहिलाय का आत?" तो ब्युटिरिक आम्लाचा वास, म्हणजे ट्रायब्युटिरिन फुटलेलं. काही कॉलन्यांभोवती (जिवाणूंच्या ठिपक्यांभोवती) तेल फुटून इतकी स्वच्छ वलयं, की प्लेट पेपरवर धरली तर त्यातून बातमी वाचता येत होती.

मुलं लगेच "लायपेज मिळालं" म्हणत नाचायला लागली. त्यांना थांबवलं. ट्रायब्युटिरिनमधली आम्लं आखूड साखळीची. ते साधं इस्टरेजही (लायपेजसारखंच, पण लांब साखळीचं तेल सहसा न फोडणारं विकर) फोडतं. म्हणून वलयवाल्या 14 कॉलन्या ऑलिव्ह तेल आणि रोडामाइन बी (तेल फुटलं की अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घातलेल्या आगरवर लावल्या. अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकल्या फक्त 5. वलय म्हणजे लायपेजच असं नाही, ही एवढी एक ओळ माहितीपत्रकात छापायला काय हरकत होती?

पहिली चाळणी म्हणून पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला लेबलसाठी, अर्धा माझ्या चटणीच्या भांड्यासाठी.