ओबरसाल्झबर्ग: मुक्काम डोंगरावर करावा की खाली गावात?

म्युनिक-साल्झबुर्गच्या सहलीत जर्मनीतल्या बेर्खटेसगाडेन गावाला एक-दोन रात्री राहायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: वर ओबरसाल्झबर्गला, म्हणजे हिटलरचं घर होतं त्या डोंगरावर, राहायचं की खाली गावात? आम्ही आई-बाबांना घेऊन दोन्हीकडे राहिलो आहोत. कोनिगझे तलाव गावातूनच जवळ पडतो; वरून आधी खाली उतरावं लागतं.

वरच्या मुक्कामाचं आकर्षण खरं आहे. सकाळी खिडकी उघडली की समोर उंटर्सबर्गचा डोंगर. ईगल्स नेस्टला, म्हणजे हिटलरच्या काळात शिखरावर बांधलेल्या केलश्टाइनहाउसला, खाजगी गाडी जात नाही. बस ओबरसाल्झबर्गहूनच सुटते. वर राहिलात तर गर्दीआधीची पहिली बस आरामात मिळते. (वरच्या बसथांब्यावर पोहोचल्या पोहोचल्या परतीच्या बसची वेळ तिकिटावर नोंदवून घ्या, मगच लिफ्टकडे नेणाऱ्या बोगद्याकडे वळा. आमच्या पुढचं एक कुटुंब हे विसरलं आणि उतरताना पुन्हा रांगेत अडकलं.)

पण राहणार कुठे, हे समजून घ्या. हिटलरच्या आधी हा डोंगर साध्या पाहुणचाराचाच होता. 1933 पासून हिटलरचा सहकारी बोरमन याने एकेक घर, एकेक शेत ताब्यात घेत तो कुंपणाआड नेला. ‘त्सुम ट्युर्केन’ हॉटेलचे मालक कार्ल शुस्टर यांना त्याच वर्षी हुसकावलं आणि हॉटेलात सुरक्षा दल येऊन बसलं. 25 एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर उरलं ते पडकं घर. शुस्टर यांच्या मुलीने ते 1949 साली परत मिळवलं आणि पुन्हा पाहुणे ठेवले. कित्येक वर्षं तिथूनच खालच्या बंकरमध्ये उतरता यायचं. आता तिथे मुक्काम होत नाही. प्लाटरहोफ हे दुसरं जुनं हॉटेल तर पाडूनच टाकलं. आज वरचं मोठं हॉटेल म्हणजे 2005 साली उघडलेलं पंचतारांकित, नाझी नेता गोरिंगचं घर होतं त्याच टेकडीवर. बाकी थोडी छोटी गेस्टहाउसं. आम्ही त्यातल्याच एकात होतो.

दिवसा काही खटकलं नाही. नाझी काळाची माहिती देणाऱ्या दस्तावेज केंद्रात आम्ही अख्खी दुपार घालवली. एकीकडे मुलांच्या गालाला हात लावणारा हिटलर, फुलं, बर्फाची शिखरं, असे पोस्टकार्डवर छापले गेलेले फोटो. आणि त्याच काळात इथे बसून घेतलेल्या निर्णयांनी कोण कुठे मेलं, हे शेजारीच मांडलेलं. तिथून बंकरमध्ये उतरलो. ओलसर भिंती, लांबच लांब बोगदा. आई अर्ध्यातूनच मागे फिरली.

आणि मग संध्याकाळ. खाली जाणारी बस तोवर संपली होती. दुकान नाही, चहाची टपरी तर सोडाच, फिरायला निघावं तर रस्ता हिटलरच्या घराच्या, बेर्गहोफच्या, झाडीकडेच जातो. जेवायला गेस्टहाउसमध्ये जे असेल ते. बाबांसाठी पाव, चीज आणि उकडलेले बटाटे. टॅक्सी बोलावली असती तर आली असती, पण एका जेवणासाठी तेवढे पैसे मोजवेनात. मला सगळ्यात जास्त हेच टोचलं: इतकं सगळं पाहून झाल्यावर त्या डोंगरावरून उठून चार माणसांत जाता आलं नाही. खोलीत सगळे गप्प होते, आणि समोर तेच देखणं शिखर. त्या पोस्टकार्डांतलंच.

खाली गावात हा जाच नाही. बेकरी, सुपरमार्केट, स्वयंपाकघरासकट भाड्याची घरं. आईने वरण-भात लावला तेव्हा बाबांनी पहिल्यांदा दिवसभरात पाहिलेल्या गोष्टींबद्दल तोंड उघडलं आणि आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. वर तसं घडलं नव्हतं. खालचं गाव काही धुतल्या तांदळासारखं नाही, हेही सांगायला हवं. तुम्ही ज्या ऐसपैस रेल्वे स्टेशनवर उतरता तेही त्याच राजवटीचं, तिच्या पाहुण्यांना साजेसं बांधलेलं. पण गावात त्याच्या शेजारी आजचं रोजचं जगणंही चालू असतं.

तुमच्याकडे स्वतःची गाडी असेल, माणसं दोनच असतील आणि पहाटेची शांतता हवी असेल, तर वरची एक रात्र चुकीची ठरणार नाही. वयस्कर मंडळी किंवा मुलं बरोबर असतील आणि सगळा प्रवास बसवर असेल, तर मी खालीच राहा म्हणेन. ईगल्स नेस्ट साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच उघडं असतं. त्याबाहेरच्या महिन्यांत तर वर राहण्याचं मुख्य कारणच उरत नाही.