टकळीवर दहा महिने: सूत कातायला शिकतानाचा अनुभव

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, घरची शेती कापसाची. लहानपणी दिवाळीनंतर आमची पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असायची. आम्ही भावंडं त्यात उड्या मारायचो आणि अंगाला खाज सुटली की ओरडा खायचो. मग एक दिवस गाडी यायची, कापूस भरून न्यायची, खोली रिकामी. त्या कापसाचं पुढे सूत कसं होतं, हे आमच्यापैकी कोणी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. बाबांनीसुद्धा नाही. यंदा जानेवारीत, चाळिशी ओलांडल्यावर, पुण्यात बसून मी टकळी घेतली ती एवढ्यासाठी. आता नोव्हेंबर आहे. रोज नेमाने नाही, पण आठवड्यातले पाच दिवस तरी अर्धा तास कातते. घ्यावी का, कोणती घ्यावी, जमतं का, असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

वस्तू अगदी साधी. साताएक इंचांची पोलादी दांडी, तिच्या खालच्या टोकाजवळ पितळेची नाण्याएवढी चकती, वरच्या टोकाला बारीक आकडा. माझीचं वजन १९ ग्रॅम भरलं. तोंडाची टकळी आपण म्हणतो ती हीच. पहिली टकळी मी ऑनलाइन मागवली होती आणि ती वाईट निघाली. दांडी किंचित वाकलेली, त्यामुळे फिरताना थरथरायची आणि चार फेऱ्यांत आडवी पडायची. मला हे कळायला पंधरा दिवस लागले, तोवर माझाच हात चुकतोय असं वाटत होतं. म्हणून विकत घेताना एवढं कराच: काचेच्या काउंटरवर चकती कडेबाहेर ठेवून दांडी लोळवा. सरळ असेल तर गुपचूप लोळते, वाकडी असेल तर टकटक वाजते. आकड्यावरून बोटही फिरवा, तिथे धातूचा कणीएवढा काटा राहिला असेल तर सूत तिथेच कापलं जातं. माझ्या दुसऱ्या टकळीला तो होता, बारीक पॉलिश पेपरने दोन मिनिटांत गेला. ती दीडशे रुपयांना मिळाली आणि अजून तीच वापरतेय. पावसाळ्यात दांडीला गंज धरतो, तेवढं कोरड्या फडक्याने पुसत राहायचं. टकळीबद्दल सांगण्यासारखं एवढंच. खरी गोष्ट पेळूची, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या सैल वळकटीची आहे.

आधी कातायचं कसं ते सांगते. उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांच्यात दांडी धरून चुटकी वाजवल्यासारखा फिरका द्यायचा. डाव्या हातात पेळू. टकळी फिरते, पेळूतून तंतू निसटत येतात, त्यांना पीळ बसतो आणि सूत होतं. हात वर जाईल तेवढी तार निघाली की ती दांडीवर गुंडाळायची, आकड्यात अडकवायची आणि पुन्हा फिरका. लोकर कातणाऱ्यांची टकळी हवेत लोंबकळते ते पाहून मीही तसंच करायला गेले. पण कापसाचा तंतू जेमतेम इंचभर असतो, पीळ पुरता बसायच्या आत टकळीचं वजन आलं की सूत तुटतं. म्हणून टकळीचं टोक कशावर तरी टेकवायचं. मी बशी, स्टीलची वाटी, पाटीचा तुकडा सगळं करून पाहिलं. सगळ्यांत चांगली घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी. टोक आपोआप मधोमध राहतं आणि आवाजही होत नाही.

तरीही जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्ही महिने माझ्या हातून सूत म्हणावं असं काही निघालं नाही. एक वीत धागा, मग बोराएवढी गाठ, मग केसासारखी बारीक तार आणि टच्. दिवसाला तीस-चाळीस वेळा तुटायचं. मी फिरक्याचा वेग बदलला, बसायची जागा बदलली, खुर्ची सोडून जमिनीवर बसले. फरक शून्य.

मार्चमध्ये आत्या आली. ती ७४ वर्षांची आहे. तिच्या मराठी शाळेत कताईचा तास असायचा, दप्तरात पाटीबरोबर टकळी आणि पेळू न्यायचे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याचा, जो विचार निघाला, त्याचं आमच्या भागातल्या शाळांत एवढं तरी उरलं होतं. तिने माझी टकळी पाहिलीसुद्धा नाही. पाकिटातला पेळू उचलला, चिमटीत दाबला आणि म्हणाली, "माय, हा पेळू नाही, ही दोरी हाय."

मी वापरत होते ते विकतचे पेळू. पाकिटात महिनोन्‌महिने दाबून चपटे झालेले, तंतू एकमेकांना घट्ट बसलेले. आत्याने एक पेळू उभा उसवला, बोटांनी हलक्या हाताने मोकळा केला आणि हातावरच सैल गुंडाळून मला दिला. मी सवयीने मुठीत धरला. तेव्हा तिने माझी बोटं एकेक करून उघडली. "इतका आवळून कायले धरतं? वात वळता येते ना तुले? मंग थोच हात हाय."

दोन महिने जे अडलं होतं ते या एका वाक्याने सुटलं. समईच्या वाती मी लहानपणापासून वळते. डाव्या चिमटीतून कापूस हळूहळू सोडत जायचं आणि तो तुटायच्या बेताला आला की पीळ द्यायचा, हे माझ्या हाताला तीस वर्षं येत होतं. गणपतीत कापसाची वस्त्रं करतानाही हेच करतो आपण. टकळीत पीळ द्यायचं काम टकळी करते, एवढाच फरक. ज्यांच्या घरी वाती वळतात त्यांनी हे मनावर घ्या: निम्मं शिक्षण तुमचं आधीच झालेलं आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझी सलग अकरा तारा निघाल्या, एकही न तुटता. आत्या काहीच बोलली नाही, फक्त करवंटी माझ्याजवळ सरकवली.

तेव्हापासून पेळू मी घरीच करते, आणि माझं सांगणं एकच आहे: टकळीवर विचार कमी करा, पेळूवर जास्त. बाबांनी मागच्या हंगामातला दोन किलो कापूस पाठवला, सरकीसकट, म्हणजे आतल्या बियांसकट. सरकी काढायला घरात साधन नव्हतं. पोळपाट उलटा ठेवला, त्यावर कापसाची एक पाकळी आणि तिच्यावर पडद्याची लोखंडी सळई. सळई दोन्ही तळव्यांखाली दाबून पुढे लोटली की रुई, म्हणजे बी निघालेला कापूस, सळईखाली दबून राहते आणि सरकी पुढच्या बाजूने टुपकन बाहेर पडते. पहिली सरकी अशी घरंगळत फरशीवर गेली तेव्हा मी ती उचलून बराच वेळ हातात धरून बसले होते. काम मात्र संथ आहे. तासाभरात माझी मूठ-दोन मुठी रुई होते. तीन किलो कापसातून एक किलोच्या आसपास रुई निघते, बाकी सगळी सरकी, हे बाजारभावाच्या बोलण्यात शंभरदा ऐकलं होतं, ते पहिल्यांदा नजरेने पाहिलं.

पिंजायला पिंजारी आता कुठून आणायचा? मी कुत्र्याचे केस विंचरायचे, बारीक तारांचे दोन ब्रश आणले. एकावर रुई पातळ पसरायची, दुसऱ्याने उलट दिशेला अलगद ओढायची. तीन-चार हात फिरवले की कचरा, पानाचा चुरा, कवडी (नीट न फुललेला कडक कापूस) खाली पडते आणि सगळे तंतू एका दिशेला येतात. मग तो पापुद्रा पोळपाटावर पसरून विणकामाच्या सुईभोवती गुंडाळायचा, तळव्याने एकदाच फिरवायचा आणि सुई ओढून घ्यायची. झाला पेळू. तळवा दुसऱ्यांदा फिरवायचा मोह आवरा, पेळू तिथेच घट्ट होतो. आणि एका वेळी दोन-तीन दिवसांचेच करा. माझे पेळू मी पुठ्ठ्याच्या डब्यात मोकळे ठेवते, वर काही दाबत नाही.

आता मोजमाप, कारण त्याशिवाय प्रगती कळत नाही. खादीवाल्यांचा जुना हिशोब चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. मी चार फूट घेराची लाकडी चौकट करून घेतली, तिच्यावर सूत गुंडाळलं की एक फेरा म्हणजे एक तार. सुताचा नंबर काढायची सोपी युक्तीही आहे. एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो सुताचा नंबर; नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. गुंडी होते ८५३ वारांची, म्हणजे जवळपास तेवढीच. म्हणून ४५४ ला (एका पौंडाचे ग्रॅम) गुंडीच्या ग्रॅममधल्या वजनाने भागायचं, की घरच्या हिशोबापुरता नंबर आला. माझी पहिली गुंडी ७४ ग्रॅम भरली, म्हणजे ६ नंबरचं जाडंभरडं सूत. चौथी ४६ ग्रॅम, १० नंबर. परवाची सातवी ३९ ग्रॅम, म्हणजे १२ च्या घरात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो आकडा आला तेव्हा मी मुलाला उठवून दाखवला.

वेगाची अपेक्षा मात्र स्पष्ट ठेवा. अर्ध्या तासात माझ्या ४० तारा होतात. एका गुंडीला सोळा बैठका. साडेआठशे ग्रॅमची साडी धरली तर आताच्या सुताने २२ गुंड्या लागतील, म्हणजे रोज अर्धा तास एकही खाडा न करता जवळजवळ वर्षभर, आणि तेही फक्त कातणं. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला असताना कताईच्या मजुरीवर जगून पाहिलं होतं, हे मी शाळेत असताना कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा ते थोरामोठ्यांच्या चरित्रातलं एक वाक्य होतं. आता स्वतःच्या चाळीस तारा मोजल्यावर त्या वाक्याचं वजन कळतं. दहा रुपयांचा सुताचा रीळ आता मी दुकानात सहज उचलू शकत नाही.

ऋतूचा परिणाम मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तंतू उडायचे, नाकातोंडाशी चिकटायचे, सूत सारखं तुटायचं. ओलं फडकं शेजारी ठेवून बोटं जराशी दमट करत राहिले तेव्हा निभावलं. जून लागला आणि त्याच पेळूंतून, त्याच हाताने निम्म्याहून कमी तुटू लागलं. कापसाच्या तंतूला दमट हवेत बळ येतं. कातायला सुरुवात करायची असेल तर पावसाळ्यात करा, हात लवकर बसेल आणि मन खट्टू होणार नाही.

पेटी चरखा, म्हणजे पेटीत मावणारा घडीचा चरखा, घ्यावा की टकळी? एका मैत्रिणीचा चरखा मी आठ दिवस आणून वापरला. तिप्पट सूत निघतं, खोटं कशाला बोलू. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा ही पेटी घडवली गेली म्हणून तिला येरवडा चक्र म्हणतात, आणि मी रोज बसने त्याच तुरुंगावरून ऑफिसला जाते, त्यामुळे तिच्याबद्दल मला फार आपुलकी आहे. पण चरख्यावर एक हात चाकावर अडकतो, आणि पेळूत काय बिघडलंय ते नवख्या हाताला उशिरा कळतं. टकळीवर ते लगेच बोटांना लागतं. माझं मत: आधी सहा महिने टकळी, मग वाटलं तर पेटी. शिवाय टकळी पर्समध्ये मावते. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर तिला पाहून खालीच बसले. त्यांचे वडील जानव्याचं सूत घरी टकळीवर काढायचे आणि चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजायचे, ते काकांना बोटांसकट आठवत होतं. त्यांनी माझ्याकडून टकळी घेऊन तीन तारा काढल्या. तिसरी माझ्यापेक्षा एकसारखी होती.

दुखण्याचं सांगायचं तर पहिला महिना अंगठ्याचं मूळ दुखतं आणि डावा खांदा भरून येतो. सलग अर्ध्या तासाच्या वर बसू नका. गुंडी उतरवल्यावर ती कोमट पाण्यात भिजवून, खाली छोटं कुलूप लटकवून वाळवा, नाहीतर पीळ उलटतो आणि सुताची वेटोळी होतात. माझी दुसरी गुंडी अशीच वाया गेली.

दिवाळीला गावी गेले तेव्हा पाचवी, सहावी आणि सातवी गुंडी बरोबर नेली होती. कापसाच्या पहिल्या वेच्याआधीची सीतादहीची पूजा नुकतीच झाली होती, पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) बोंडं फुटून पांढरं झालं होतं. बाबा ओसरीवर होते. कापूस हातात आला की दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि तंतूची लांबी बघायची, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. सातवी गुंडी त्यांनी तशीच घेतली, एक तार सोडवली, दोन्ही हातांत धरून ताणली. तुटली नाही. मग जरा जोराने ताणली, तेव्हा तुटली. तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "हे आपल्याच वावरातलं?"

हो म्हटलं. त्यांनी ते टोक सदऱ्याच्या खिशात ठेवलं. निघायच्या दिवशी पाहिलं तर पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगापासून वेगळी एक गोणी ठेवली होती, पाच किलोची, कवडी आणि पाला वेचून काढलेली. व्यापाऱ्याची गाडी आली की ही गोणी तिच्यात टाकायची नाही, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं. सध्या ती गोणी माझ्या पुण्याच्या बाल्कनीत आहे आणि मी पोळपाटावर रोज रात्री दोन मुठी सरकी काढतेय.