नवा करार व स्तोत्रसंहिता, खिशातली आवृत्ती: डायलिसिसच्या खाटेवरून

आधी वस्तू सांगतो. मराठी बायबलमधला नवा करार आणि त्याला मागे जोडलेली स्तोत्रसंहिता, म्हणजे जुन्या करारातली प्रार्थनागीतं, अशी छोटी प्रत. काळं रेक्झिन, पातळ कागद, खुणेला लाल फीत. आमच्या मंडळीत उपासना सुटल्यावर आवारात पुस्तकांचं टेबल लागतं, तिथून मिसेसनी घेतली. किंमत साधारण ऐरोली ते ठाणे रिक्षाला पडते तेवढी.

मी आठवड्यातून तीनदा ठाण्यात डायलिसिसला जातो. डाव्या हातात फिस्टुला (सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली जागा), त्यात दोन सुया, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. राहिला उजवा. त्यामुळे माझ्या दृष्टीने पुस्तकाची पहिली परीक्षा ही, की ते एका हाताने धरता येतं का आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पान उलटतं का. वडिलांचं नगरहून आणलेलं मोठं पवित्र शास्त्र, म्हणजे अख्खं बायबल, घरी आहे, पण ते छातीवर ठेवून वाचणं म्हणजे फिजिओथेरपी. मोबाइलवर सगळं शास्त्र फुकट मिळतं, हे मुलगा रोज सांगतो. खरं आहे. पण दोन ओव्या (म्हणजे वचनं) वाचल्या की वर कोणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब येतो. ही प्रत दोन्ही अडचणींतून सुटते. उघडी ठेवली तर उघडी राहते, पोटावर पालथी टाकून झोप लागली तरी शिवण उसवलेली नाही.

आता तक्रारी. अक्षर बारीक आहे. चष्म्याशिवाय चालत नाही आणि आडवं पडून चष्मा नाकावर टिकत नाही. कागद इतका पातळ की ट्यूबलाइटखाली मागच्या पानाच्या ओळी पुढे डोकावतात. सेंटरमधला एसी थेट अंगावर येतो, पंख्यासारखी पानं फडफडतात, तेव्हा सिस्टरकडून कागदाची क्लिप मागून घ्यावी. आणि मोठी उणीव म्हणजे यात ईयोब नाही, जुन्या करारातलं ते निर्दोष माणसाच्या दुःखाचं पुस्तक. नवा करार आणि स्तोत्रं म्हटल्यावर नसणारच, ते कळतं मला. पण आजारी माणसाच्या हातात द्यायच्या पुस्तकात ईयोब नसावा हे बरं नव्हे.

तरी घ्या, असंच मी म्हणेन, आणि कारण स्तोत्रसंहिता आहे.

आजारी पडल्यापासून मला भेटीदाखल काय काय मिळालं! वचनांची कार्डं, वचनांचं कॅलेंडर, वचन लिहिलेला मग. (मग कशाला? मला दिवसाला पाणी मोजून प्यायचं असतं.) निम्म्या वस्तूंवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, ते. वचन सुंदर आहे, शंका नाही. पण घरच्या शास्त्रात काढून एक ओवी वर बघा. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं ते पत्र आहे, आणि दहाव्या ओवीत त्यांना सांगितलंय की सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांची हाडं तिथेच जाणार होती. हे कार्डावर कोणी छापत नाही. कार्डातली गोडी दुसऱ्या तासाला, पायात गोळा आला की, उतरते.

स्तोत्रांचं तसं नाही. 13वं काढा. सहाच ओव्या, त्यातल्या पहिल्या दोनांत कोठवर, कोठवर म्हणून देवाला चार वेळा हटकलंय. 6व्यात माणूस रात्रभर रडून अंथरूण भिजवतो. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ सुद्धा नाही. माझ्या खाटेशेजारी गोठिवलीचे एक माळकरी काका असतात, त्यांचा हरिपाठ पाठ आहे. एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं वाचा. 13वं वाचलं. काका म्हणाले, "यो तर आमच्या तुकोबावानी भांडतोय देवाशी." आता मशीन लागलं की तेच विचारतात, आज कुठलं?

42वं मात्र मी त्यांना वाचून दाखवत नाही, ते माझं आहे. हरिणी पाण्याच्या प्रवाहासाठी तळमळते तसा माझा जीव देवासाठी, अशी सुरुवात. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे पाठ होतं, तेव्हा ती हरिणी चित्रातली होती. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं, मे महिन्यात विटाव्याच्या पुलाखाली रिक्षा अडकली, जीभ टाळूला चिकटली, शेजारच्या रिक्षातलं पोरगं थंड बाटली तोंडाला लावून गटागटा पीत होतं, तेव्हा तिची तहान काय ते समजलं. घरी गेल्यावर मिसेसनी बर्फाचा एक खडा दिला. तो चघळत मी ते स्तोत्र पुन्हा काढलं. त्यात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला दटावतो, खिन्न का होतोस, देवाची आशा धर. स्वतःला दटावायचं, ही युक्ती मला फार उपयोगी पडली आहे.

पुढे नव्या करारात 2 करिंथ 12 ला, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायाला, फीत ठेवून द्या. पौलाच्या शरीरात काटा आहे, तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढं उत्तर. आमच्या नात्यातले एक गृहस्थ येऊन मला सांगून गेले की तुमचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर किडनी चालू झाली असती. त्यांच्यापुढे मी हे पान धरलं. चहा घेऊन उठले.

याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधूंना श्रद्धेपायी मारलं गेलं. तलावपाळीवरच्या सेंट जॉन चर्चवरून जाताना त्यांची आठवण येते. मी त्या पठडीतला नाही. सुई टोचताना अजून डोळे मिटतो. माझ्यासारख्यांना हे पुस्तक बरं.

भाषा जुन्या वळणाची आहे, तरुणांना एखादा शब्द अडेल. पाचपैकी चार तारे. एक ईयोबासाठी कापला. घ्यायला गेलात तर टेबलावर दोन-तीन प्रती उघडून छपाई बघा, एखादीत शाई फिकी असते. कोणाला भेट देणार असाल तर पहिल्या पानावर फक्त नाव घाला आणि सोबत कागदाची क्लिप द्या.