मालवणची बोटफेरी: दिवाळीत, जानेवारीत की मे महिन्यात?

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला आणि देवबाग-तारकर्लीहून डॉल्फिन, नदी-समुद्राचा संगम व त्सुनामी बेट (संगमाजवळचा वाळूचा दांडा) अशा दोन्ही बोटफेऱ्या एकाच सहलीत उरकता येतात. मात्र महिना ठरवण्यापूर्वी आपल्याला मुख्यतः किल्ला पाहायचा आहे की समुद्र, हे ठरवून घ्यावे, कारण दोन्हींचा उत्तम हंगाम एक नाही. मेअखेरपासून 31 ऑगस्टपर्यंत प्रवासी बोटी बंद असतात आणि सप्टेंबरातला समुद्रही बेभरवशाचाच असतो.

केवळ किल्ला पाहायचा असेल, तर ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर हा काळ चांगला. पावसाने धुतलेला तट आणि आतली हिरवळ तेव्हा ताजी असते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचे मंदिर पाहून तटावरून फिरायचे तर बोटवाला देतो ती तासाभराची मुदत अपुरीच पडते, म्हणून जास्त वेळ निघण्यापूर्वीच बोलून घ्यावा. पण कर्ली नदीने आणलेल्या गाळामुळे या दिवसांत पाणी गढूळ असते, तेव्हा स्नॉर्केलिंगवर पैसे घालू नयेत. शिवाय वादळांचीही धास्ती असते: 2009 मध्ये फयान नोव्हेंबरात आले, तर 2019 मध्ये क्यारने ऐन दिवाळीच्या तोंडावर किनारा झोडपला.

समुद्रासाठी मात्र माझी पसंती निःसंशय जानेवारी-फेब्रुवारीला आहे. पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा वाहत असल्याने सकाळी पाणी जवळजवळ सपाट असते आणि अशा पाण्यावर डॉल्फिनची पाठ लांबूनही ओळखू येते. आधी पाठीवरचा उंचवटा व त्यावरचा आखूड पर वर येतो आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, इंजिन मंद करतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटांचे पांढरे तुरे आणि डॉल्फिनची पाठ यांत फरक करणे कठीण होते, त्यामुळे याच महिन्यात येऊन दुपारची फेरी घेणाऱ्याला हंगामाचा निम्मा लाभही मिळत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा गर्दीमुळे टाळावा. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस देवीच्या कौलाने ठरतो, म्हणून तोही आधी विचारून घ्यावा. त्या सुमारास खोली मिळणे मुश्कील.

मे महिना मुलांच्या सुट्टीमुळे आणि हापूसच्या ओढीने निवडला जातो. किल्ल्यात सावली बेताची आणि वारा दुपारनंतर जोराचा असतो, त्यामुळे पहिल्याच बोटीने जाऊन यावे. शक्यतो महिन्याचा पूर्वार्धच धरावा. 2021 मध्ये तौक्ते वादळ 16 मेच्या सुमारासच या किनाऱ्याजवळून गेले होते.

महिन्याइतकीच तिथीही महत्त्वाची आहे, आणि बहुतेक पर्यटक नेमकी तीच पाहत नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते आणि गाळ फारसा ढवळला जात नाही, म्हणून पाण्याखालचे पाहण्यास ते दिवस बरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही खोलवर जाते आणि त्सुनामी बेटाची वाळू चांगली उघडी पडते. भरतीच्या वेळी गेल्यास तेथे पाण्यातच उभे राहावे लागते. त्यामुळे खोलीचे आरक्षण करण्यापूर्वी त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे, हे बोटवाल्याला फोन करून विचारावे.