हाडांचं इंजेक्शन: झोलेड्रॉनिक ॲसिड घ्यावं की डेनोसुमॅब?

स्तनाचा कॅन्सर हाडात उतरला की हार्मोनच्या गोळ्या किंवा केमोच्या जोडीला ‘हाडांचं इंजेक्शन’ सुरू होतं. त्याने गाठ जाईल ही अपेक्षा ठेवू नये. कॅन्सरच्या चिथावणीने हाड पोखरत सुटलेल्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना ते आवरतं, आणि फ्रॅक्चर, मणका दबणं, रेडिएशनची पाळी येणं लांबवतं.

ते लांबतं हे आधी पॅमिड्रोनेट या झोलेड्रॉनिकच्याच गटातल्या जुन्या औषधाने दाखवलं. ह्युस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरचे गॅब्रिएल हॉर्टोबागी आणि सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या चाचणीत हाडाची पहिली मोठी तक्रार ७ महिन्यांऐवजी १३.१ महिन्यांवर गेली. पण दर वेळी दोन तासांची ड्रिप. झोलेड्रॉनिक ॲसिडचे ४ मिग्रॅ पंधरा मिनिटांत जातात, म्हणून पॅमिड्रोनेट मागे पडलं.

डेनोसुमॅब (१२० मिग्रॅ, कातडीखाली, दर ४ आठवड्यांनी) २०१० च्या थेट तुलनेत सरस ठरलं: पहिली तक्रार येण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी. आयुर्मानात मात्र फरक नाही, आणि किंमत कितीतरी जास्त. किडनी ठणठणीत असेल तर झोलेड्रॉनिकवर भागतं, असं आमचं स्पष्ट मत. शिवाय २०१७ च्या अमेरिकन चाचणीत दर १२ आठवड्यांनी दिलेलं झोलेड्रॉनिक दर ४ आठवड्यांच्या तोडीचं निघालं (दोन वर्षांत तक्रारी २८.६ आणि २९.५ टक्के). दरमहा फेऱ्या चालू असतील तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

घोळ होतो तो औषधापेक्षा आजूबाजूला. झोलेड्रॉनिकच्या प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) हवंच. त्यावरून काढलेला क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची गती, मिली/मिनिट) ६० किंवा खाली असेल तर डोस ३.५, ३.३, ३ मिग्रॅ असा उतरतो, ३० च्या खाली देत नाहीत. दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकने हीच किडनी बसते. ड्रिप १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये लावायची, रिंगर लॅक्टेटमध्ये नाही, कारण त्यात कॅल्शियम असतं. घाईने पाच मिनिटांत सोडली तर किडनीला इजा होते. ऑस्टिओपोरोसिसची ५ मिग्रॅची वार्षिक बाटली आणि डेनोसुमॅबची ६० मिग्रॅची सहामाही सिरिंज, दोन्ही वेगळ्या कामाच्या. बिल आणि लेबल ताडून बघा.

झोलेड्रॉनिकच्या पहिल्या डोसनंतर ताप आणि अंग ठेचल्यासारखं दुखणं दोन-तीन दिवस राहू शकतं, पॅरासिटामॉल पुरतं. ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम घसरलंय असं समजा. डेनोसुमॅबवर हे जास्त होतं, म्हणून ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढायची.

सगळ्यात दुर्लक्षित बाब दात. किडलेली दाढ काढायची असेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधी काढून जखम भरू द्यावी. नंतर काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्महिने न भरण्याचा धोका असतो. डेंटिस्टला इंजेक्शनबद्दल न सांगणं हा याबाबतचा नेहमीचा घोटाळा.

डेनोसुमॅब मनाने बंद करू नये. औषधाचा असर उतरला की हाडाची झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. आणि कोणत्याही इंजेक्शनवर बराच काळ असताना जांघेत किंवा मांडीत नवं दुखणं आलं, तर एक्स-रे दोन्ही मांड्यांचा काढून घ्यावा, दुखऱ्या बाजूचाच नव्हे.